दाजींचा न उघडलेला फोटो

बातमी आली तेव्हा मी शिरूरच्या माझ्या दुकानात एका नवरदेवाला घोड्यावर बसवत होतो. घोडा दुसऱ्याच लग्नातला, फेटा तिसऱ्याच कुणाचा... फ्लेक्सचा धंदा म्हटलं की हे चालायचंच. फोन सुमनताईचा होता. ही माझी थोरली बहीण, कासुर्डीजवळ मळ्यात राहते. "बापू, ये. हे उठंनात," एवढंच म्हणाली. दाजी, म्हणजे तिचे यजमान संपतराव, सकाळच्या चहाला उठलेच नव्हते. ना आजारपण, ना दवाखाना, झोपेतच गेले. दाजींनी आयुष्यात कधी कुणाला स्वतःसाठी खोळंबू दिलं नाही आणि जातानाही दिलं नाही. त्यानंतर मात्र त्यांनी आम्हाला चांगलंच ताटकळत ठेवलं. ती गंमतही सांगायला हवी, म्हणून महिना उलटून गेल्यावर हे लिहायला बसलो आहे.

आमच्याकडे माणूस गेला की पाहुण्यांच्या पाठोपाठ फोन जातो तो फ्लेक्सवाल्याला. दशक्रियेला घाटावर भला मोठा फोटो लागतो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली सगळ्या भावकीची नावं. एकाचं नाव राहिलं तर पुढची दहा वर्षं लग्नात बोलणं नाही. इथं फ्लेक्सवाला मीच. फोटो शोधायला बसलो आणि लक्षात आलं की दाजींचा धड फोटोच नाही. लग्नाच्या अल्बममध्ये मुंडावळ्यांच्या आड डोळे मिटलेले. कंपनीच्या ओळखपत्रावर चेहरा असा, की पोलिसांनी तपासाला न्यावा. लहानपणी एका एडक्यानं धडक देऊन त्यांचा पुढचा दात पाडला होता. तेव्हापासून कॅमेरा दिसला की हा माणूस ओठ घट्ट मिटून घ्यायचा. एरवी दिवसभर हसणारे दाजी फोटोत मात्र कायम कुणावर तरी रागावलेले.

"एक हाय," ताई म्हणाली. "हसताना. मी काढलाय."

झालं होतं असं. मागच्या हिवाळ्यात दाजींनी कारेगावच्या भंगारवाल्याकडून कुठल्याशा कारखान्यातून निघालेला एक जाडजूड कॅमेरा आणला. अंगणात उपड्या घमेल्यावर तो ठेवला, ताईला बटणापाशी बसवलं आणि स्वतः समोर उभे राहून अंतर मोजू लागले. तेवढ्यात ताई काहीतरी बोलली, दाजी खदखदून हसले आणि हिनं बटण दाबलं. काय बोललीस म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचंय?" आता मेख अशी, की त्या कॅमेऱ्यानं फोटो ज्या पद्धतीनं साठवला ती पद्धत ना फोनला कळे, ना संगणकाला. दाजी म्हणाले होते, "उघडू सवडीनं. कुठं पळून चाललाय!" ती सवड काही आली नाही. म्हणजे ताईनं नवऱ्याचा आयुष्यात एकच फोटो काढला, तोही ओठ न मिटलेला, आणि तो खुद्द दाजींसकट कुणीही पाहिलेला नव्हता. तिला तोच हवा होता. दुसरा कुठलाही दाखवला की मान हलवायची. "हे न्हाईत हे," म्हणायची.

दाजींचं आणि न उघडणाऱ्या फोटोंचं नातं जुनं. दौंडला आयटीआय करून ते रांजणगावच्या एका कारखान्यात लागले, कारेगावात खोली घेऊन राहिले, सुट्टी आली की न्हावऱ्यामार्गे मोटरसायकलनं घरी. वाटेत माझ्या दुकानात चहा ठरलेला. कारखान्यात तयार होणाऱ्या भागांची तपासणी कॅमेरे करायचे आणि त्या कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवणं हे दाजींचं काम. त्यांतला एक कॅमेरा फोटो असे काही बांधून ठेवायचा, की ते कुठंच दिसायचे नाहीत. उत्तर शोधता शोधता दाजींना इंटरनेटवर एक लायब्ररी सापडली. पुस्तकांची नव्हे. फोटोची फाइल ही आवळून बांधलेल्या बोचक्यासारखी असते आणि ते बोचकं सोडवून चित्र पुढं मांडणारा हा प्रोग्रॅम, जो दुसऱ्या प्रोग्रॅमांच्या पोटात बसवता येतो. तो कुणा कंपनीचा नाही, सगळ्यांना फुकट, सगळ्यांना आतून उघडा. मला हे काही केल्या समजेना, तेव्हा दाजींनी विचारलं, "पाव्हणं, तुमच्या गावात गावजेवणाची भांडी हायती का न्हाई?" होती की. देवळामागच्या खोलीत मोठाली पातेली, कुणाच्याही लग्नाला कुणीही न्यावीत. "मग पोचा पडला तर कोण काढतं?" मी म्हटलं, ज्याला दिसेल तो. "बस. मी पोचे काढणाऱ्यांतला."

पोचे भरपूर होते. फोटोच्या फाइलीचं नाव एकच, पण आतली बांधणी शंभर तऱ्हेची. हा कॅमेरा असं बांधतो, तो स्कॅनर तसं, तिसऱ्याच देशातल्या बंद पडलेल्या कंपनीचं यंत्र आणखी भलतंच. ज्यांच्या फाइली उघडत नसत ते लोक त्या लायब्ररीच्या पानावर येऊन तक्रार लिहीत, आणि ड्युटी संपली की आमचे दाजी कारेगावच्या खोलीत बसून उत्तरं देत. इंग्रजी त्यांचं मळ्यातल्या वाटेसारखं होतं, खड्डे असायचे पण पोचायचं. प्रत्येकाला ते दोन प्रश्न विचारत. फोटो कुठल्या यंत्रानं काढला, आणि फोटोत कोण आहे? पहिला प्रश्न कामाचा. दुसऱ्याची जगभरातले लोक थट्टा करत. मीही केली. तर म्हणाले, "अहो, कुणाचं पोरगं हाय, कुणाची म्हातारी हाय, ते कळलं की कामात मन लागतं."

पण खऱ्या अर्थानं दाजी या कामाला जुंपले गेले ते आमच्या दत्तूअण्णांमुळे. अण्णा तेव्हा 'भावी सरपंच' होते. आमच्या तालुक्यात भावी सरपंच हे पद सरपंचापेक्षा जास्त वर्षं टिकतं. त्यांचा वाढदिवस आला, चौकात फ्लेक्स लागला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या दुकानात. "बापू, ह्यो मी हाय का भूत?" जाऊन बघतो तर काय... चेहरा निळाजांभळा, केस पांढरेफटक, दात काळेकुट्ट, आणि वर ठळक अक्षरांत 'विकासाचा आश्वासक चेहरा'. माझ्या पडद्यावर फोटो अगदी व्यवस्थित दिसत होता. छपाईला जाताना मध्ये दाजींनी मला करून दिलेला एक छोटा प्रोग्रॅम होता, फोटो मापात बसवणारा, आणि त्याच्या पोटात तीच लायब्ररी. अण्णांनी कुठल्याशा छापखान्यातून आणलेला तो फोटो नेहमीच्या तीन रंगांऐवजी छपाईच्या चार शाईंच्या हिशोबानं बांधलेला होता, तोही उलटा. लायब्ररीला हा प्रकार ठाऊक नव्हता. पण तसं सांगायचं सोडून तिनं आपल्या अंदाजानं अण्णा काढून दिले.

त्या फ्लेक्ससमोर सेल्फी काढायला शेजारच्या गावातून पोरं आली. दाजी आले, चौकात उभे राहून बराच वेळ वर बघत राहिले. मी हसून बेजार, आणि हा माणूस हसेचना. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी अण्णांची माफी मागितली. अण्णा तरी मोठ्या मनाचे. म्हणाले, "जाऊ द्या दाजी, माझी आई सोडून सगळ्यांनी वळखलं." परत येताना मात्र दाजी पुटपुटत होते, "वळख नव्हती तर तसं बोलायचं. भलताच माणूस काढून कशाला द्यायचा?" अण्णा पुढं निवडणुकीत पडले ती गोष्ट वेगळी. अजूनही ते पराभवाचं खापर त्या फ्लेक्सवरच फोडतात.

दाजींचे वडील, आबा, तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत फिरलेले. आता त्या घरात ऊस आणि कांदा आहे, वाड्यात दोनच मेंढ्या उरल्यात, त्याही नातवंडांच्या हौसेखातर. पण आबांच्या तोंडी मेंढरांचा एक रिवाज कायम असायचा. कळपात परकं मेंढरू शिरलं तर ते आपल्यात मोजायचं नाही आणि काठी घालून हाकलायचंही नाही. बाजूला बांधायचं, पाणी-चारा दाखवायचा आणि आसपासच्या वाड्यांवर निरोप धाडायचा, की असं असं मेंढरू आमच्याकडं आहे, कुणाचं असेल त्यानं ओळख पटवून न्यावं. दाजींनी हाच रिवाज उचलून त्या लायब्ररीत घातला. अनोळखी बांधणीची फाइल आली की पूर्वी लायब्ररी एकतर कोलमडायची, नाहीतर अण्णांसारखं काहीतरी बाहेर काढायची. दाजींनी खटपट करून असं केलं, की तिनं तिथंच थांबावं, नेमकं काय ओळखता आलं नाही ते सांगावं, आणि फाइल कुठं पाठवायची तेही सांगावं. हे सगळ्यांना पटलं असं मुळीच नाही. लांबच्या देशातली मरीना नावाची एक बाई, लायब्ररीच्या मूळ माणसांपैकी, त्यांच्याशी वर्षभर भांडली. तिचं म्हणणं, लोकांना काहीच न दाखवण्यापेक्षा काहीतरी दाखवावं. दाजींचं म्हणणं, काहीतरी दाखवलं की माणसाला वाटतं तेच खरं, आणि मग तो मूळ फाइल टाकून देतो. शेवटी दाजींनी तिला अण्णांच्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं त्यात नुसत्या हसण्याच्या खुणा, आणि त्यानंतर तिनं त्यांचा बदल मान्य केला. पुढं ती दोघं चांगली मित्र झाली. ताईला मी एकदा चिडवलं, "दाजींची मैत्रीण हाय बरं का तिकडं." ताई म्हणाली, "तिला म्हणावं, यांची कापडं पण धुऊन दे."

तर दाजी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या भंगारातल्या कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन मी दुकानात आलो आणि तो फोटो त्यांच्याच प्रोग्रॅममध्ये टाकला. पडद्यावर मराठीत अक्षरं उमटली. हा संदेश मराठीत आहे हे मला माहीतच नव्हतं. जगभरच्या भाषांत तो करून घेताना दाजींनी आपला स्वतः लिहिला असणार. 'हा प्रकार अजून ओळखीचा नाही. फाइल मोडलेली नाही. जपून ठेवा.' बास, एवढंच... मी खुर्चीत मागं टेकलो आणि त्या दिवसांत पहिल्यांदा रडलो. अगदी हमसून. कामगार धावत आले, त्यांना वाटलं मशीन बिघडलं.

मग डोळे पुसून, फोनवरून भाषांतर करून घेत, मी त्या लायब्ररीच्या पानावर तक्रार लिहिली. यंत्र कुठलं ते लिहिलं. फोटोत कोण आहे, या प्रश्नापुढं लिहिलं, 'संपत, जो तुम्हाला हा प्रश्न विचारायचा तो. काल वारला. माझी बहीण त्याचा हा फोटो मागते आहे.' तासाभरात उत्तरांची रांग लागली. कुणी लिहिलं, माझ्या मुलीचा पहिला फोटो त्यांनी उघडून दिला. कुणी लिहिलं, त्यांनी माझ्या आईचं नाव विचारलं होतं आणि पुढच्या वर्षी तिची तब्येतही विचारली होती. आमच्या भावकीतल्या लोकांना दाजी 'कंपनीत कायतरी कॅमेऱ्याचं' करतात एवढंच ठाऊक. मी ती उत्तरं ताईला वाचून दाखवत होतो आणि ती पदर तोंडाला लावून ऐकत होती.

सगळ्यात शेवटी मरीनाचं उत्तर आलं. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला नेहमीपेक्षा जास्त जागा देणारी आणि कुणी फारशी न वापरलेली अशी ती जुनी बांधणी होती. तिनं लिहिलं, अंदाजानं काढायचं तर आज संध्याकाळपर्यंत काहीतरी चित्र देते, पण खात्री नाही. नीट करायचं तर ती जुनी रीत मुळापासून समजून घ्यावी लागेल, किती दिवस लागतील सांगता येत नाही. घरच्यांना विचार. मला दशक्रियेची घाई. मी म्हणालो, ताई, अंदाजानं तर अंदाजानं, फ्लेक्स लांबूनच बघतात. ती म्हणाली, "नक्की त्यांचंच तोंड येईल का?" म्हटलं, "साधारण त्यांच्यासारखं." त्यावर ती म्हणाली, "साधारण नको. साधारण तर मला डोळं मिटलं तरी दिसत्यात."

दशक्रियेच्या दिवशी घाटावर फ्लेक्स लागला, त्यावर दाजींचं नाव, भावकीची नावं, झेंडूच्या कडा आणि मधोमध कोरी जागा. माझ्या धंद्याची एवढी शोभा कधी झाली नव्हती. लोक कुजबुजत होते, फ्लेक्सवाला सख्खा मेव्हणा आणि फोटो नाही! एक मामा तर म्हणाले, शाई संपली वाटतं. तेवढ्यात दत्तूअण्णा बोलायला उठले. कसं आणि काय मी त्यांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "बापूनं माझ्या येळंला भूत छापलं आन् दाजींच्या येळंला कुणीच न्हाई. पण दाजींचं म्हणणंच तसं होतं. खरं गावत न्हाई तवर कोरं ठेवायचं, खोटं छापायचं न्हाई. आम्हा भावी लोकांना ते जमत न्हाई, त्यांना जमलं." दशक्रियेला लोक एवढे हसलेले मी कधी पाहिले नव्हते. ताईही हसली आणि हसता हसता रडली. पण ती कोरी जागा दिसली की मला धाकधूक व्हायची. त्या फाइलीत खरंच काही आहे का? बटण उशिरा दाबलं गेलं असेल, हात हलला असेल, नुसतं अंगण निघालं तर? हे ताईला विचारायची माझी छाती नव्हती. तिनंच एकदा स्वयंपाक करता करता म्हटलं, "बापू, मी दाबलं तवा ते हसतच होते रं... मला चांगलं आठवतंय." म्हणजे तीही त्याच काळजीत होती.

बरेच दिवस काही निरोप नाही. मग एका दुपारी मरीनाचा आला, 'आता उघडून बघ. मी अजून पाहिलेला नाही. आधी त्यांच्या पत्नीनं पाहावा.' मी दुकान कामगारांवर सोडलं, संगणक पाठीवर टाकला आणि कासुर्डी गाठली. ताई कांदे निवडत होती. हात धुऊन, डोक्यावर पदर घेऊन ती येऊन बसली, जणू पाहुणेच येणार होते. मी फाइल उघडली. या वेळी पडद्यावर अक्षरं नव्हती.

फोटो तिरपा होता. अर्धा भाग गोठ्याच्या भिंतीनं खाल्लेला, एका कडेला कोंबडीचं शेपूट. आणि दुसऱ्या बाजूला दाजी, एक हात 'थांब थांब' म्हणून वर केलेला, डोळे बारीक, तोंड उघडं आणि त्यात पडलेल्या दाताची अख्खी खिडकी. कॅमेरा जुना असला तरी पक्का होता. गालावरची दाढीची खुंटं मोजता आली असती. पडद्याकडं बघता बघता आधी ताईच्या ओठांचे कोपरे हलले, मग ती खुदकन हसली, अगदी समोर कुणीतरी हसल्यावर आपण हसतो तशी. मी उठून बाहेर गेलो आणि कांदे निवडत बसलो. बराच वेळ निवडले.

मरीनाची एक विनंती होती. या लायब्ररीत कुणी काहीही बदल सुचवला की आधी संगणक आपोआप नमुन्याचे काही फोटो उघडून बघतो. ते सगळे नीट उघडले तरच तो बदल आत घेतात. या बांधणीचा दुसरा नमुना कुणाकडंच नाही, तर दाजींचा फोटो त्या नमुन्यांत ठेवू का? जगात कुणालाही तो दिसेल. घरच्यांची मर्जी असेल तरच. हे मी ताईला समजावून सांगितलं. परक्या माणसांसमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी माझी बहीण, मला वाटलं ही नाहीच म्हणणार. ती म्हणाली, "म्हंजी रोज बघणार त्यांच्याकडं?" म्हटलं, रोज काय, दिवसातून कितीदाही. "आन् एकाद्या टायमाला न्हाई उघडला तर?" म्हटलं, तर सगळ्यांचं काम थांबणार. दाजी नीट दिसल्याशिवाय कुणी पुढं जायचं नाही. ताईनं थोडा विचार केला. "ठेव म्हणावं."

गेल्या आठवड्यात मी तो फोटो मोठा छापून, चांगल्या लाकडी चौकटीत बसवून घेऊन गेलो. रिवाजाप्रमाणे सोबत चंदनाचा हारही नेला होता. भिंतीवर खिळा ठोकला, फोटो टांगला, दोन पावलं मागं होऊन तिरपा नाही ना ते बघितलं. फोटो मुळातच तिरपा, त्यामुळे ते ठरवायला जरा वेळ लागला. मग मी हार घालायला हात वर केला तर ताईनं तो धरला.

"हार नको, बापू."

"अगं, रीत हाय."

"ड्युटीवरल्या माणसाला कुणी हार घालतं व्हय?" ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

हार मी परत शिरूरला घेऊन आलो.